घराण्याचे दप्तर : साधन आणि संदर्भ

वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला. वासुदेवशास्त्री खरे यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’तून पटवर्धन घराण्याचे दप्तर अभ्यासकांपुढे ठेवले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाल्याने अशा कागदांना हक्काचे घर लाभले. वाळवीच्या तोंडून कागद वाचविण्याचे हे कार्य निःसंशय मोलाचे होय.

तथापि, छापील साधनसंग्रहांची एक मर्यादा नोंदविणे अगत्याचे आहे. संपादक महत्त्वाचे पत्र निवडतो आणि कालक्रमाने लावतो. परंतु मूळ रुमालात त्या पत्राशेजारी लग्नखर्चाची यादी, कर्जरोखा किंवा माहेरची खुशाली बांधलेली असते. हे शेजार तुटले की मोहिमेचा इतिहास उरतो, घराण्याचा हरवतो. विशेषतः घरातील स्त्रियांचा माग अशा किरकोळ मानल्या गेलेल्या कागदांतूनच लागण्याचा संभव अधिक असतो.

छायाचित्रांनाही हेच लागू पडते. नावे व नाती न नोंदविलेले छायाचित्र एका पिढीनंतर केवळ चेहऱ्यांचा समूह ठरते. उत्तम स्कॅनिंगनेही ती उणीव भरून निघत नाही.

म्हणून महाविद्यालयीन विभागांनी दप्तर स्वीकारताना रुमालांचा मूळ क्रम प्रथम नोंदवावा आणि घरातील वडीलधाऱ्यांकडून नावे लिहून घ्यावीत. कागद पुढेही टिकतील. ते ओळखणारी माणसे मात्र थांबणार नाहीत.