ब्रह्मदेश : वर्णनातला आणि वास्तवातला

ब्रह्मदेशाविषयी (1989 पासून म्यानमार) आपल्या नियतकालिकांतून येणारे लेखन बहुधा एकाच साच्याचे असते. श्वेडगॉनचा सुवर्णस्तूप, पहाटे भिक्षेस निघालेली भिक्षूंची रांग, मुलास श्रामणेर करण्याचा शिनब्यू सोहळा, आणि शेवटी तेथील घराघरांत धम्म नांदतो असा निर्वाळा. 1954 साली बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेस गेले होते. 1956 साली त्यांना दीक्षा देणारे महास्थविर चंद्रमणी मूळचे त्याच देशाचे. तेव्हा ही आत्मीयता आम्ही समजू शकतो. परंतु आत्मीयता म्हणजे अभ्यास नव्हे. धर्मानंद कोसंबी तेथे भिक्षू म्हणून विहारांत राहिले. पुढील प्रवासवर्णनकारांनी तेवढा मुक्काम क्वचितच केला.

या वर्णनांतून गळतात ते नाट. नाट म्हणजे तेथील लोकदेवता. त्यांपैकी सदतीस राजमान्य. अनेक घरांत महागिरी नाटासाठी लाल फडके बांधलेला नारळ टांगतात, आणि नाट अंगात आलेले माध्यम वाद्यांच्या गजरात नाचते. देगलूर-बिलोलीच्या सीमाभागातील वाचकास हे वाचून पोचम्मा आठवेल, मरीआईचा पोतराज आठवेल. ज्या समाजाने बावीस प्रतिज्ञा घेऊन मरीआईचा गाडा वेशीबाहेर सोडला, त्याला हा नारळ दाखवायचा नाही, हे आम्हांस वाचकाच्या बुद्धीचा अनादर करणारे वाटते.

यावर कोणी रतनसुत्त पुढे करील. तेथे भूतांना आवाहन आहे आणि बली आणणाऱ्या माणसांचे रक्षण करा असेही सांगितले आहे, हे खरे. पण तेथे ती भूते श्रोत्यांच्या जागी आहेत, शरणाच्या नव्हे. धम्मपदाच्या बुद्धवग्गात भयाने पर्वत, वने, वृक्ष यांना शरण जाणाऱ्यांविषयी स्पष्ट निवाडा आहे : ते क्षेमकर शरण नव्हे. पाठ एवढा स्वच्छ असता भिडेपोटी गप्प बसण्याचे कारण नाही.

याहून गंभीर मौन पॅगोडा-दासांविषयीचे आहे. राजे युद्धकैद्यांना आणि गुन्हेगारांना स्तूपास अर्पण करीत. त्यांचे वंशजही दासच राहत. पगानकाळच्या शिलालेखांत अशी दाने नोंदलेली आहेत. 1882 साली जेम्स जॉर्ज स्कॉट यांनी 'श्वे यो' या नावाने लिहिलेल्या ग्रंथात हे लोक समाजबाह्य म्हणून येतात. जन्माने चिकटणारा विटाळ, तोही स्तूपाच्या छायेत! वर्णव्यवस्था नसलेल्या देशात हे कसे घडले, हा प्रश्न आपल्याइतका दुसऱ्या कोणाचा असणार? तरी मराठीत त्यावर स्वतंत्र लेख आमच्या पाहण्यात नाही.

आणि थिलाशिन. गुलाबी चीवरातल्या, शील पाळणाऱ्या, कित्येक पालीत पारंगत असलेल्या या स्त्रिया भिक्षुणी मानल्या जात नाहीत, कारण थेरवादातील भिक्षुणीसंघ खंडित झाला असे तेथील संघ मानतो. लेखांसोबतच्या छायाचित्रांत त्या हमखास असतात. मजकुरात त्यांच्या दर्जाविषयी एक ओळ नसते.