खासगी गोष्टींची राखण

इशारे, सूचनापत्रके आणि न्यायालयांचे निकाल यांना वाङ्मय म्हणावे काय, अशी शंका आमच्या काही रसिक मित्रांस येईल. परंतु ज्या लेखनाचा हेतू वाचकाच्या मनास वळण लावण्याचा आहे, त्याची परीक्षा वाङ्मयाच्याच कसोटीवर व्हावयास हवी, असे आमचे मत आहे. आपली खासगी माहिती जपा, असे सांगणारे लेखन अलीकडे उदंड झाले आहे. ते इतके निष्फळ का ठरते, हे नांदेड-लातूरकडील एखादे घर डोळ्यांपुढे आणल्यास चांगले कळते.

या लेखनात रस एकच, भयानक. अमिताभ बच्चन यांच्या आवाजातील सायबर गुन्ह्यांविषयीचा जो इशारा २०२५ च्या जूनपर्यंत फोन लावताना ऐकावा लागे, त्याचा सारा भर ठकांपासून सावध राहण्यावर होता. ज्याच्या खात्यात ठकविण्याजोगे काही नाही, तो मनुष्य हे आपल्यासाठी नव्हेच असे समजे, आणि घाईच्या वेळी चडफडे.

याहून बोधप्रद मासला आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाचा. आधारची प्रत वाटेल त्याला देऊ नका, शेवटचे चारच अंक दिसतील अशी झाकलेली प्रत द्या, असे त्याने २७ मे २०२२ च्या पत्रकात सांगितले. दोनच दिवसांनी, गैरसमज होण्याचा संभव आहे म्हणून, ते पत्रक मागे घेण्यात आले आणि लोकांनी नेहमीची खबरदारी घ्यावी, एवढा उपदेश उरला. पहिल्या पत्रकात करण्याजोगे काही होते. दुसऱ्यात नुसता शब्द. आमचे मत निःसंशय पहिल्याच्या बाजूचे आहे.

आता लातूरच्या 'ट्यूशन एरिया'त जूनच्या आरंभी उभे राहून पाहावे. मुखेड, देगलूर, उदगीर, निलंगा येथून मुलीला घेऊन आलेला बाप शिकवणीत, वसतिगृहात, खानावळीत, जेथे जाईल तेथे आधारची प्रत, गुणपत्रक आणि छायाचित्रे देत सुटतो. झेरॉक्सच्या दुकानात बिघडलेली प्रत राहिली तर मागेही पाहत नाही. त्याला भय घालून काय उपयोग? त्याच्यापुढे वैद्यकीय प्रवेशाची आशा उभी आहे, आणि आशेपुढे भय नेहमीच दुबळे. २०२४ च्या जूनमध्ये नीट परीक्षेच्या प्रकरणात नांदेडच्या दहशतवादविरोधी पथकाने लातुरात चौकशी केली, तेव्हा जप्त मोबाइलमध्ये परीक्षार्थींची प्रवेशपत्रे आढळल्याचे वृत्तपत्रांनी छापले होते. खरेखोटे न्यायालय ठरवील.

पण हाच बाप बेफिकीर आहे, असे कोणी म्हणू नये. मुलीचा फोननंबर तो शेजाऱ्यालाही देत नाही. तिचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर दिसले तर त्याच दिवशी काढावयास लावतो. त्याला राखणीची प्रेरणा देते ती अब्रू. उपदेश लिहिणाऱ्यांनी ही प्रेरणा ओळखलीच नाही, हा त्यांचा दोष. मात्र तिची किंमत कोण भरते? मुलीच्या फोनचा पासवर्ड बापाजवळ, आणि तिच्या मैत्रिणींचे निरोप तो रात्री वाचतो. घराची गुप्तता राखताना घरातल्या एका माणसाची गुप्तता संपते.

'खासगी' हा शब्द होळकरांच्या दौलतीत राजघराण्याच्या स्वतःच्या उत्पन्नास लावीत. रयतेची खासगी ती कसली? (माजघरात वाढलेल्या आम्हां मंडळींस एकान्त तरी कोठे ठाऊक होता!) ती प्रत्येक माणसाची आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले. त्यांतील धनंजय चंद्रचूड यांनी तर आणीबाणीतील १९७६ चा जो निकाल चुकीचा ठरविला, तो देणाऱ्यांत त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूडही होते. वाडवडिलांचा मान राखूनही त्यांची चूक सांगता येते, याचे इतके ठसठशीत उदाहरण आमच्या कादंबऱ्यांत क्वचितच सापडेल. या निकालात राखणीचे कारण म्हणून माणसाची प्रतिष्ठा पुढे येते. ती घराण्याची नव्हे, एकट्या माणसाची. पुढे २०२३ चा कायदा झाला. त्याने मात्र अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीस पालकांची संमती आवश्यक मानली. ते योग्यही असेल. पण किल्ली पुन्हा बापाच्याच हाती.

सतरा वर्षांची मुलगी वसतिगृहात पासवर्ड बदलते, आणि रात्री वडील विचारतात, 'लपवण्यासारखं काय आहे गं तुझ्याजवळ?' तिने द्यावयाचे उत्तर त्या निकालात आहे. परंतु ते इंग्रजीत, ५४७ पृष्ठांत. कोणी ते मराठीत, बापलेकी दोघांना वाचता येईल असे, दहा पानांत लिहील तर त्या पुस्तिकेचे परीक्षण आम्ही मोठ्या आनंदाने करू.