चवदार घास आणि वेगळी पंगत

हानोईपासून सायगॉनपर्यंत मी गावोगावचे पदार्थ खात गेलो. प्रवासवर्णन लिहावे असे मनात नव्हते. पण ह्वे शहरात 'बुन बो ह्वे'चा वाडगा समोर आला आणि गवती चहाच्या वासाच्या त्या तिखट रश्श्यात रक्ताची थिजलेली वडी दिसली. सोबतच्या एका मराठी प्रवाशाने ती चमच्याने बाजूला सारली. मी खाल्ली. आमच्या घरी रक्ती होत असे. तिचा वास वस्तीबाहेर गेला की गावाला आमची जात आठवे. इथे ती भर रस्त्यावर, मास्तर आणि हमाल एकाच बाकावर बसून खात होते. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या या अन्नाची नोंद शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' मध्ये केली, तीही २०१५ साली. तोपर्यंत मराठी खाद्यलेखनाला आमची चूल दिसली नव्हती काय?

व्हिएतनामी साहित्यात खाद्यलेखनाची थोर परंपरा आहे. थाक लामने हानोईच्या गल्ल्यांतले खाणे लिहिले, न्गुएन त्वानने १९५७ साली 'फो' या एकाच पदार्थावर निबंध लिहिला. वू बांग १९५४ साली देशाची फाळणी झाल्यावर दक्षिणेत आला. १९६० साली सायगॉनमध्ये त्याचे पुस्तक निघाले. त्याच्या नावाचा अर्थ 'हानोईचे चवदार घास' असा होतो. तुटलेल्या माणसाची ती ओढ खरी आहे, तिची टिंगल मी करणार नाही. पण घास रांधणारे, खांद्यावर कावड वाहणारे हात त्या लेखनात येतात ते बहुधा चवीच्या कौतुकापुरते. आपल्याकडच्या आस्वादक समीक्षेची जात हीच. रस, रुची, आस्वाद हे सारे शब्द तिने स्वयंपाकघरातून उचलले, पण स्वयंपाकघरात कोणाला येऊ दिले नाही हे कधी विचारले नाही.

हा प्रश्न नाम कावने विचारला. १९५१ साली फ्रेंचांविरुद्धच्या लढ्यात मारल्या गेलेल्या या लेखकाची 'मॉ' या माणसावरची कथा आपल्या कार्यकर्त्यांनी मिळवून वाचावी. 'मॉ' म्हणजे गावाचा दवंडीवाला. लाकडी ठोकळा वाजवून गावची आज्ञा घरोघर पोचवायची, गावजेवणात राबायचे, आणि पंगतीत सर्वांत खाली. माझा आजा येसकर होता. हातात घुंगरकाठी, बदल्यात दारोदारची शिळी भाकर. त्यामुळे ही कथा मला परक्या देशाची वाटली नाही.

कथेतला लो हा मुळात गरीब, सरळ कुळ. जमिनीच्या तुकड्याच्या आमिषाने तो हे काम पत्करतो. मग लोक हसू लागतात. जेवणावळीत तो ज्या चटईवर बसतो तिथे दुसरा कोणी बसत नाही. शेवटी यजमान त्याचे ताट वेगळे मांडतो. आधी तो लाजतो. मग एक दिवस लाज सोडतो, जास्त मागतो, उरलेले बांधून घरी नेतो. आणि गाव म्हणते, बघा, मॉ तो मॉच! तुच्छतेनेच माणूस तुच्छ होतो, हे नाम काव कसलाही आव न आणता सांगतो.

इथे फरक लक्षात घेतला पाहिजे. लो जन्माने मॉ नाही, गावाने त्याला तसे केले. आमच्या आजाला ती सोय नव्हती. तो पोटात असतानाच येसकर होता. आणि दुसरी गोष्ट. लोचा सूड अधाशीपणावर थांबतो. नकार त्याला सुचत नाही, लेखकालाही सुचत नाही. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी उष्टे आणि मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे सांगितले, तेव्हा त्या भाकरीतली लाचारी त्यांनी आधीच ओळखली होती. नाम काव रोगाचे निदान अचूक करतो, पण माणूस ताटावरून उठू शकतो हे त्याच्या कथेत येत नाही. ही उणीव मोठी आहे, तरी चवदार घासांच्या शंभर निबंधांपेक्षा मला ही कथा जवळची वाटते.

सायगॉनला 'कॉम ताम' खाल्ला. म्हणजे कण्यांचा भात, वर भाजलेले डुकराचे मांस आणि माशाचे खारे पाणी. गिरणीत तुटलेला हा तांदूळ पूर्वी गरिबांच्या वाट्याचा, आज शहराचे भूषण. आम्हा पाहुण्यांना तो मोठ्या कौतुकाने वाढला गेला. माझी आई कण्या शिजवी तेव्हा दार लोटून घेई. शेजारच्या टेबलावरचा तोच सोबती म्हणाला, "काय मस्त चव आहे हो, गावरान!" मी त्याला विचारले, तुमच्या घरी कण्या कोणाला घालत? तो म्हणाला, "कोंबड्यांना." आणि मग बराच वेळ काही बोलला नाही.