तळटिपेतला इंदापूर परगणा

अठराव्या शतकातल्या इंदापूर परगण्यावरचा चांगला शोधनिबंध उघडावा आणि आधी पानाचा तळ पाहावा. तिथे बारीक टाइपात या धाटणीची एक ओळ सापडते: पुणे पुरालेखागार, प्रांत अजमास, रुमाल अमुक, पुडके अमुक, मौजे पळसदेव, परगणे इंदापूर, शुहूर सन ११६१. बहुतेक वाचक ही ओळ ओलांडून पुढे जातात. मला मात्र निबंधाइतकीच ती वाचावीशी वाटते.

तिचा क्रमच पाहा. आधी इमारत, मग दप्तराचा विभाग, मग कापडात बांधलेला रुमाल, त्यातले पुडके, आणि शेवटी गाव व साल. वाचकाचा हात धरून ती त्याला थेट कागदापर्यंत नेते. यातला एक शब्द जरी गाळला तरी वाट बंद होते. नुसते ‘पेशवे दप्तर, पुणे’ असे लिहिणाऱ्याने हजारो रुमालांकडे बोट दाखवलेले असते, म्हणजे काहीच दाखवलेले नसते. त्यात आणखी एक घोटाळा आहे. ‘पे. द.’ या संक्षेपाचा अर्थ बहुतेक वेळा गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात छापून आणलेले ४५ खंड असा होतो. अस्सल मोडी कागद पाहिला की छापील खंड, हे टिपेत स्पष्ट नसेल तर पुढच्या अभ्यासकाचे कित्येक दिवस वाया जातात. छापील उतारा वाचून रुमालाचा आकडा देणे ही तर सरळ फसवणूक आहे. पाहिले ते लिहावे, दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतले असेल तर त्याचे नाव द्यावे.

या ओळीतला खरा रस तिच्या शेवटच्या चार आकड्यांत आहे. शुहूर सन मृग नक्षत्राला सुरू होतो, म्हणून त्याला मृगसाल म्हणतात. इसवी सन काढायचा तर त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१, म्हणजे १७६० च्या पावसाळ्याच्या तोंडापासून १७६१ च्या उन्हाळ्यापर्यंतचे वर्ष. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. म्हणजे ती या एकाच सालाच्या पोटात येते. महिना न पाहता कुणी सरसकट ‘१७६१’ लिहिले, तर गावाने आश्विनात मागितलेली साऱ्याची सूट पानिपतानंतरची ठरते आणि त्यावर ‘पराभवाचा खेड्यावरील परिणाम’ असा मोठा सिद्धांत उभा राहतो. ज्याने मूळ शुहूर साल, तिथी आणि कंसात इसवी तारीख असे तिन्ही दिले, त्याने वाचकाला आपला हिशेब तपासण्याची मुभा दिली. हे औदार्य मला फार मोलाचे वाटते.

गावाचे नावही असेच जपून द्यावे लागते. कागदातले पळसदेव आज भीमेच्या पाण्याखाली आहे. उजनी धरणाने जुने गाव बुडाले, वस्ती वर सरकली, आणि पाणी खूप ओसरले की पळसनाथाचे देऊळ दिसते. जाणता संशोधक तिथे ‘जुने पळसदेव’ एवढे दोन शब्द घालतो आणि नकाशा हाती घेतलेल्या वाचकाची वाट चुकत नाही.

आपल्याकडे पुराव्याची ही चाड नवी नाही. वतनाच्या तंट्यात गोतसभा बसे, महजर म्हणजे निवाड्याचा कागद होई, आणि त्याच्या तळाशी साक्षीदारांची नावे व निशाण्या येत. पाटलाच्या नावाशी नांगर काढलेला असे. कोण बोलले आणि कोणाच्या साक्षीने बोलले, हे कागदच सांगत असे. नक्कल असेल तर ती नक्कल आहे हेही लिहीत.

इंदापूरचा इंग्रजी अमदानीतला कागद मात्र वेगळी शिस्त मागतो. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची जमीनमोजणी कोसळल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ नंतर नवी पाहणी याच तालुक्यापासून सुरू केली आणि तीस वर्षांचा सारा ठरला. या पाहणीचे अहवाल पुढे मुंबई सरकारच्या मालिकांत छापले गेले. तेव्हा अहवाल लिहिल्याचे साल आणि छापल्याचे साल दोन्ही द्यायला हवीत. मिचिहिरो ओगावा या जपानी अभ्यासकाने पुणे विद्यापीठातल्या प्रबंधासाठी इंदापूर परगण्याची १७६१ ते १८२८ ही वर्षे निवडली, म्हणजे पेशवाई आणि कंपनी सरकार दोन्हीकडची. अशा विषयात मोडी रुमाल आणि इंग्रजी दप्तर यांचे संदर्भ एकमेकांशेजारी येतात, आणि दोघांची रीत वेगळी ठेवावी लागते.

शेजारच्या बारामतीत कवी मोरोपंतांवर लिहिणाऱ्याचा टिपेचा प्रश्न याहून सोपा आहे. त्यांच्या आर्याभारताच्या आवृत्त्या अनेक, पृष्ठांक दर वेळी बदलणारे. पर्व, अध्याय आणि आर्येचा क्रमांक दिला की कोणत्याही आवृत्तीत ती आर्या सापडते. पाठभेदाचा मुद्दा असेल तर संपादकाचे नाव आणि आवृत्ती जोडावी.

बारामती-इंदापूरच्या महाविद्यालयांत इतिहास आणि मराठी शिकणाऱ्या मुलामुलींना माझी एक विनंती आहे. रुमाल सोडलात की मजकूर उतरवण्याआधी त्याचा, पुडक्याचा आणि कागदाचा क्रमांक वहीत लिहा. टीप घरी येऊन आठवून लिहायची नसते, कागद समोर असतानाच लिहायची असते.