खड्ड्यांची मोजणी आणि कार्बनची मोजणी

जुलै २०१९ च्या पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. महाराष्ट्र शासनाची ३३ कोटी वृक्षलागवडीची मोहीम सुरू झाली, आणि ‘सायन्स’ या नियतकालिकात झुरिकच्या संशोधकांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. जगात आणखी ९० कोटी हेक्टरवर वृक्षांचे छत्र वाढवता येईल व ते पूर्ण वाढल्यावर २०५ अब्ज टन कार्बन साठवील, असा त्याचा निष्कर्ष होता. दोहोंमागे एकच विचार दिसतो : हवेत साठलेला जादा कार्बन डायऑक्साइड झाडे लावून काढून घेता येईल. हा विचार खोटा नाही, पण अपुरा आहे. जुलैत विद्यार्थ्यांच्या हाती रोप देणाऱ्या शिक्षकाने त्याची उरलेली बाजूही समजून घ्यायला हवी.

औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंत सुमारे २८० रेणू कार्बन डायऑक्साइडचे होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहेत. तापमानवाढ १.५ अंशांवर रोखायची तर उत्सर्जन कमी करण्याबरोबरच हवेतील थोडा कार्बन काढूनही घ्यावा लागेल, असे आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय मंडळाने २०१८ मध्ये सांगितले. त्यासाठी यंत्रे आहेत, परंतु आइसलँडमध्ये २०२४ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या संयंत्राची क्षमतादेखील वर्षाला ३६,००० टनच आहे. साहजिकच सरकारांची नजर झाडांकडे वळते. वने व वृक्ष वाढवून २०३० पर्यंत २५० ते ३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड सामावून घेण्याचे उद्दिष्ट भारताने २०१५ मध्ये जाहीर केले. अशा कोणत्याही योजनेला तीन प्रश्न विचारले पाहिजेत : किती? किती काळ? आणि कशाच्या जागी?

पहिला प्रश्न गणिताच्या तासाला सोडवता येईल. दक्षिण सोलापूर तालुक्यात आहेरवाडी-फताटेवाडी येथे १,३२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे. पूर्ण क्षमतेने चालल्यास ते तासाला १३.२ लाख युनिट वीज देते. कोळशाच्या एका युनिटमागे सुमारे ०.९ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर तासाला जवळजवळ १,१९० टन होतात. केंद्र वर्षभर सरासरी ६० टक्के क्षमतेने चालते असे धरू. उत्तर येते सुमारे ६२ लाख टन.

आता झाड घ्या. एक झाड वर्षाला २० किलो वायू शोषते असे मानू. सुक्या लाकडाचा निम्मा भाग कार्बन असतो, आणि १२ ग्रॅम कार्बनपासून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बनतो. म्हणजे झाडाचे सुके वजन दरवर्षी ११ किलोंनी वाढायला हवे. जेमतेम ६०० मिलीमीटर पावसाच्या मुरमाड जमिनीसाठी हा अंदाज उदारच आहे. तरीही एका केंद्राच्या धुरासाठी ३१ कोटी झाडे लागतात! राज्याची २०१९ ची सगळी मोहीम, एकही रोप न मरता, जवळजवळ एवढ्यातच संपली. तीन-तीन मीटरवर लावली तरी ही झाडे सुमारे २,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे सोलापूर जिल्ह्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा व्यापतील.

दुसरा प्रश्न काळाचा. कोळशातील कार्बन कोट्यवधी वर्षे जमिनीखाली बंदिस्त होता. झाडातला कार्बन झाड जगेल तेवढाच काळ अडतो. दुष्काळात ते वाळले, तुटले, जळले की तो पुन्हा हवेत जातो. म्हणून किती खड्डे खणले यापेक्षा पाच-दहा वर्षांनी किती झाडे उभी आहेत, हा आकडा महत्त्वाचा. प्रसिद्धी मात्र पहिल्या आकड्यालाच मिळते.

तिसरा प्रश्न सर्वांत दुर्लक्षित आहे. झाडे लावायला ‘मोकळी’ जागा कोणती? सरकारी नकाशांत झुडपी जमीन आणि निकृष्ट ठरवलेली गायराने ‘पडीक’ या सदरात मोडतात. आपल्या नान्नजच्या माळाकडे या नजरेने पाहिले, तर तो रिकामाच वाटेल. प्रत्यक्षात तिथे पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवते आहेत, काळवीट आहेत, लांडगे आहेत. माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य घोषित झाले ते याच माळामुळे. हा पक्षी उघड्या जमिनीवर एकच अंडे घालतो आणि त्याला दूरवर नजर पोहोचेल असा मोकळा माळ लागतो. तिथे झाडांची दाटी करणे म्हणजे त्याचे घर मोडणे होय. आज देशात माळढोक दीडशेच्या आसपास उरले आहेत, आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात. शिवाय गवताळ माळाचा बहुतेक कार्बन मुळांत व मातीत असतो. तिथे खड्डे खणताना साठलेला कार्बनच मोकळा होण्याची शक्यता असते. मेंढपाळांचा चारा जातो तो वेगळाच.

झुरिकच्या निबंधावरही हाच आक्षेप आला. गवताळ प्रदेश आणि सॅव्हाना यांना झाडांसाठी उपलब्ध जमीन मानल्यामुळे, तसेच मातीत आधीच असलेला कार्बन नीट हिशेबात न घेतल्यामुळे हा आकडा सुमारे पाचपट फुगला आहे, असे अनेक शास्त्रज्ञांनी त्याच नियतकालिकात मांडले. मूळ लेखकांनी २०२० मध्ये दुरुस्ती प्रसिद्ध केली आणि वृक्षलागवड हा ‘सर्वांत’ प्रभावी उपाय असल्याचा दावा सौम्य केला. विज्ञानात चूक अशी जाहीरपणे दुरुस्त होते. धोरणात मात्र फुगलेला आकडा दीर्घकाळ टिकून राहतो.

याचा अर्थ झाडे लावू नयेत असा नाही. शाळेच्या आवारात कडुलिंब, रस्त्याकडेला वड, बांधावर बोर-बाभूळ जरूर लावावी. सावली, पाखरे आणि माती यांसाठी ती हवीतच. फक्त झाड लावले म्हणजे कोळशाचे पाप फिटले, अशी समजूत मुलांच्या मनात रुजू देऊ नये. हवेतून कार्बन काढणे हे उत्सर्जन घटवण्याला पूरक आहे, पर्याय नाही.

यंदा रोप लावताना एक वही घाला. दर जूनमध्ये प्रत्येक झाडाचा घेर मोजा आणि मेलेल्या झाडांचीही नोंद ठेवा. त्याच वहीत शाळेचे वर्षाचे वीजबिल चिकटवून युनिटांना ०.९ ने गुणा. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले की पुढचे प्रश्न विद्यार्थी स्वतःच विचारतील.