सांधा कुठे आहे?

लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या एखाद्या कार्यशाळेत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी घडलेली बारा बोअरची दुनळी बंदूक समोर आली, की नजर आधी तिच्या नळ्यांवर आणि चापाच्या वरच्या पोलादावर कोरलेल्या वेलबुट्टीवर जाते. आज आपण ती नजर तिथून उचलून पार मागे नेऊ या, खांद्याला टेकणाऱ्या दस्त्याच्या शेवटच्या इंचभर लाकडाकडे. हे लाकूड मूळचे नाही. दस्ता आखूड पडला म्हणून पुढच्या पिढीतल्या कुणा कारागिराने जोडलेला तो अक्रोडाचा तुकडा आहे, आणि तो जोडलेला आहे हे आपल्याला कळू न देणे हीच त्याची सारी कला.

आखूड पडायला तशी साधीच कारणे. अशी बंदूक मालकाच्या हाताच्या, मानेच्या, खांद्याच्या मापाने बेतली जाई. हिवाळी शिकारीत अंगात जाड लोकरी कोट असला की दस्ता थोडा आखूडच बरा वाटे. शिवाय मधल्या एखाद्या मालकाने मुलासाठी तो कापलेलाही असे. चापापासून बुडापर्यंत 14 इंच भरणारी ती बंदूक आजच्या उंच माणसाच्या हाती आली, की त्याला 15 इंच हवे असतात. रबराची गादी बसवली तरी काम भागते, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण ती काळी गादी त्या सडपातळ आकृतीला परकी वाटते हे डोळ्यांना मान्य करावेच लागते.

म्हणून लाकूड. काश्मीरच्या कोरीव पेट्या ज्या अक्रोडाच्या, त्याच जातीचे हे लाकूड इंग्रज कारागीर फ्रान्स, तुर्कस्तान आणि कॉकेशसकडून मागवत. मधासारख्या तपकिरी रंगावर धुरकट काळ्या रेषा हे त्याचे वैभव. जोडाचा तुकडा निवडताना आपण रंग जुळवायला धावू. जाणता कारागीर रंगाकडे सर्वांत शेवटी पाहतो, कारण रंग देता येतो. छिद्रांची दाटी, रेषांचा कल आणि वाढीच्या वलयांची वळणे मात्र देता येत नाहीत, ती शोधावीच लागतात. लाकूड लांबीत जवळजवळ आक्रसत नाही, आडवे आक्रसते. दोन्ही तुकड्यांचा कल किंवा मुरलेपणा वेगळा असेल, तर काही ऋतूंनी सांध्यावरून फिरवलेले नख तिथे अडकतेच.

मग दोन सपाट पृष्ठभागांची भेट. एकावर दिव्याच्या काजळीचा हलका हात, त्यावर दुसरा टेकवायचा. जिथे उंचवटा असेल तिथेच काळा ठिपका उमटतो आणि तेवढाच ठिपका पटाशीने खरवडायचा. पुन्हा काजळी, पुन्हा ठिपके. ठिपके पसरत पसरत अखेर सबंध पृष्ठ काळे होते, तेव्हा कुठे काजळी पुसून डिंक लागतो, आत खुंट्या बसतात. तुकडा मुद्दाम थोडा मोठा ठेवलेला असतो. जोड पक्का झाल्यावर कानस जुन्या लाकडाच्या उतारावरूनच पुढे सरकते, त्यामुळे दस्त्याच्या खालची सरळ रेघ आणि वरची गालाला टेकणारी कड कुठेही न थबकता शेवटापर्यंत पोचतात.

आणि आता खरा आनंद. एवढे करूनही केसाएवढी एक आडवी रेघ उरतेच. ती बुजवण्याचा हट्ट कारागीर धरत नाही. लाकडावर आपली नजर उभ्या रेषांच्या प्रवाहाबरोबर वाहते, आडव्या रेघेवर मात्र ठेच लागल्यासारखी थांबते, हे त्याला ठाऊक असते. म्हणून तो नजरेलाच वाहायला वाट करून देतो. बारीक कुंचला काळ्या शाईत बुडवून तो जुन्या लाकडातल्या एका खऱ्या रेषेच्या पोटातूनच नवी रेषा उचलतो, सांध्यावरून सहज पलीकडे नेतो, तिथे किंचित जाड करतो, मग तिला फाटे फोडून विरून जाऊ देतो. शेजारच्या रेषेला तो मुद्दाम हात लावत नाही. सगळ्याच रेषा पलीकडे गेल्या असत्या तर संशय आला असता. निसर्गाची नक्कल करताना त्याचा विस्कळीतपणाही उचलावा लागतो, ही समज मला त्या सफाईदार सांध्याहूनही मोठी वाटते.

शेवटी तेल. जवसाच्या तेलात अल्कानेट नावाच्या वनस्पतीची मुळे भिजवून केलेला तांबडा रस दोन्ही लाकडांवर चढतो. आपल्या रोगन जोशाला लाली देणारी रतनजोत याच कुळातली, हे कळल्यावर तो तांबूस उजाळा जरा अधिकच ओळखीचा होतो. पातळ थर, तळहाताने घासणे, वाळू देणे, पुन्हा थर. असे आठवडे जातात आणि नव्या लाकडाचा कोवळेपणा हळूहळू झाकला जातो. मग बुडावर हाताने कोरलेली बारीक चौकटींची जाळी, जी खांद्यावरच्या कापडाला धरून राहते आणि लाकडाचा उघडा छेदही नक्षीत मिसळून टाकते.

ही फसवणूक नव्हे का, असे कुणी विचारील. तसे नाही, कारण इंग्लंडमधल्या लिलावांच्या सूचीत अशा बंदुकीपुढे दस्त्याची एकूण लांबी छापतात आणि लगेच पुढे लिहितात, की त्यातला इतक्या इंचांचा भाग जोड आहे.