अमेरिकन मराठी मिशनचा स्मारकग्रंथ आणि मंडळ्यांचीं दप्तरें

अहमदनगर (आजचें अहिल्यानगर) येथें इ. स. १८८१ च्या ऑक्टोबरांत अमेरिकन मराठी मिशनची वार्षिक सभा भरली. तींत सादर झालेले निबंध पुढील वर्षीं भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यांतून ‘मेमोरियल पेपर्स’ या नांवानें ग्रंथरूपानें बाहेर पडले. महाराष्ट्रांतील काँग्रिगेशनल ख्रिस्ती मंडळ्यांविषयीं लिहूं पाहणारा अभ्यासक प्रथम ह्याच ग्रंथाकडे वळतो, आणि बहुधा तेथेंच थांबतो. हें थांबणें कितपत योग्य, एवढाच प्रस्तुत परीक्षणाचा विषय आहे.

ग्रंथाची योग्यता प्रथम सांगणें न्यायाचें होईल. हॉल व नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरले तेथपासून १८८१ पर्यंतचा वृत्तांत यांत आहे. १८३१ अखेर नगरास ठाणें बसलें, १८३३ सालीं तेथें मंडळी स्थापन झाली, १८५४ सालीं हरिपंत खिस्ते व रामकृष्णपंत मोडक यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली; हा सर्व काळ लेखकांपैकीं वडीलधाऱ्यांच्या आठवणींत किंवा हाताशीं असलेल्या कागदांत जिवंत होता. कालक्रमापुरतें त्यांचें वचन आप्तवाक्य मानण्यास आमची हरकत नाहीं.

परंतु आप्तवाक्य कोणाचें व कोणासाठीं, हें विचारल्यावांचून तें प्रमाण होत नाहीं. ज्यांनीं मिशन चालविलें त्यांनींच हे निबंध लिहिले, आणि बोस्टनच्या ज्या बोर्डाकडून द्रव्य येई त्याला कार्याचा हिशेब देण्याची त्यांच्या लेखणीस संवय होती. साहजिकच मंडळ्या मोजलेल्या सांपडतात, माणसें क्वचित्. बाबाजी रघुनाथ या ब्राह्मण ख्रिस्त्याचें चरित्र आपणांस कळतें, तें हॉलिस रीड यांनीं १८३६ सालीं त्याजवर इंग्रजींत स्वतंत्र पुस्तक लिहिलें म्हणून. ज्या महार-मांग कुटुंबांनीं खेड्यापाड्यांतील मंडळ्या पुढें उभ्या केल्या, त्यांच्यावर पुस्तकें कोण लिहिणार? त्यांचा लेखी पुरावा मंडळीच्या दप्तरांतच शोधावा लागतो.

येथें पंथाच्या घटनेचा विचार आवश्यक आहे. कर्जत तालुक्यांतील माथेरानचें सेंट पॉलचें देऊळ अँग्लिकन पंथाचें. त्या पंथावर बिशपची सत्ता असल्यामुळें इंग्रजी अमदानींत बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या नकला मुंबईमार्फत विलायतेस जात. त्या आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. मूळ वही वाळवीनें खाल्ली तरी नक्कल उरते. काँग्रिगेशनल मंडळी मात्र स्वतःचा कारभार स्वतः पाहते. पाळक ती निवडते, सभासद ती घेते व काढते, आणि वह्याही तीच ठेवते. विवाहांच्या नोंदींची प्रत १८७२ च्या ख्रिस्ती विवाहाच्या कायद्यामुळें सरकारांत जाऊं लागली. पण सभासदांची यादी, सभांचें टिपण, शिस्तीचे निर्णय व वर्गणीचा हिशेब यांस दुसरी प्रत नाहीं. मिशनऱ्यांचीं पत्रें अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठाच्या हौटन ग्रंथालयांत सुरक्षित आहेत. तीं मिशनचीं दप्तरें होत, मंडळीचीं नव्हत. स्मारकग्रंथ वाचणारा हा भेद विसरतो.

दुसरा दोष नांवांचा. इंग्रजी वर्णांतरांत मराठी गांवें ओळखूं येत नाहींशीं होतात, आणि हा दोष त्या काळच्या सर्वच इंग्रजी कागदांस लागू आहे. मुंबई व नगर हीं मिशनचीं दोन प्रमुख ठाणीं. मधली वाट बोरघाटाची. गाड्यांचा रस्ता १८३० सालीं खुला झाला, आगगाडी १८५६ सालीं घाटाच्या पायथ्याशीं आली आणि १८६३ सालीं घाट चढली. मधलीं सात वर्षें उतारूस ‘कँपूली’ येथें उतरून घाट चढावा लागे. हें कँपूली म्हणजे खालापुराजवळील आपली खोपोली होय, हें ज्यास ठाऊक नाहीं तो त्या गांवीं लिहिलेलें पत्र हातीं येऊनही परत ठेवून देईल. तसेंच कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणें जिल्ह्यांत होता. म्हणून त्याचें वर्णन १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरांत न शोधतां १८८२ च्या ठाण्याच्या भागांत शोधावें.

आतां दोषाचा मोठा वांटा आमच्याच पदरीं घेतला पाहिजे. कर्जत-खालापुराकडे आम्ही संग्राहक फिरतों तेव्हां वतनाच्या सनदा, महजर, देवस्थानांचे इनामी कागद यांवर झडप घालतों. ख्रिस्ती मंडळीची वही दिसली तर ‘हें मिशनऱ्यांचें’ म्हणून दृष्टि फिरवितों. हा ग्रह चुकीचा आहे. ज्या घराण्यांस ना कैफियत, ना कुलवृत्तांत, त्यांतील पुरुषाचें व स्त्रीचें नांव, कोणत्या गांवाहून आलीं, कोणाच्या शिफारसपत्रानें मंडळींत घेतलीं, हें अशा वहींत मिळूं शकतें. आजा-पणजांचा शोध घेणाऱ्यास ती सनदेहून कमी नाहीं.

या वह्यांस मुक्काम बदलण्याचे प्रसंगही आले. १९२४ सालीं काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन मंडळ्या मिळून उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी झाली. १९७० सालीं तीही उत्तर भारताच्या मंडळींत विलीन झाली. दप्तराची पेटी दर स्थलांतरांत हलकी होते, हें संग्राहकांस सांगावयास नको.

तेव्हां स्मारकग्रंथ टाकून द्यावा असें आमचें म्हणणें नाहीं. तो वाटाड्या आहे. वाटाड्यास साक्षीदार समजूं नये, इतकेंच. त्यांतील सन व गांव घेऊन संबंधित मंडळीच्या दारीं जावें, वहीची यादी करावी, परवानगीनें छायाचित्रें घ्यावीं, आणि मूळ वही ज्यांची त्यांच्याच हवालीं ठेवावी. तिच्या मालकांस तिचें मोल पटवून देणें, हेंही संशोधकाचेंच काम आहे.